राणीच्या कारंज्याची सरळ पाकळी

बोरगडच्या राजवाड्यातल्या बागेत आदिनाथ पहिल्यांदा आला, तेव्हा पुनमचा हात कारंज्यात अडकलेला होता. दगडी कमळाच्या देठातला खापरी नळ शाबूत आहे का, हे चाचपायला तिनं हात आत घातला आणि हातातलं कडं असं रुतलं, की निघता निघेना. कोरड्या हौदात पालथी पडलेली ही मुलगी बघून तो जरा थबकला. मग त्यानं जेवणाचा डबा उघडला आणि लोणच्याचं तेल तिच्या मनगटावर सोडलं.

"मोजमाप असंच घेतात का मॅडम... पालथं पडून?"

"आधी हात सोडवा, मग चेष्टा करा."

हात सुटला. चेष्टा मात्र पुढं रोजचीच झाली.

पुनम मुरुडची, वास्तुरचना शिकलेली. बंद पडलेलं कारंजं पुन्हा सुरू करायचं काम बाग समितीनं तिला दिलं होतं. तिचं पहिलंच काम. आदिनाथ मुदखेडचा, नांदेडला शिल्पकला शिकलेला. कमळाची तुटलेली पाकळी त्याला नव्यानं घडवायची होती. तो छिन्नी चालवायचा आणि ती त्याला कारंज्याची गोष्ट सांगायची. बैल मोटेनं बुरुजावरच्या टाक्यात पाणी चढवायचे, तिथून ते नळांतून खाली धावायचं आणि पाकळ्यांच्या टोकांतून उसळायचं. ना पंप, ना वीज! समोर, पूर्वेच्या चौथऱ्यावर राणी बसायची.

"आन् राजा?"

"तो राणीकडं बघत बसायचा."

"म्हंजे माझ्यासारखाच की..." एवढं बोलून आदिनाथनं घाईनं छिन्नी उचलली. पुनमनं उगीचच आराखडा उलगडला. तो तिला आवडत होता, त्यात आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण काम संपलं की तो कुठं आणि आपण कुठं, या विचारानं तिला घास गोड लागेना.

पाणी सोडायच्या दिवशी समितीचे भुजंगराव फेटा बांधून चौथऱ्यावर ऐसपैस बसले. पाणी आलं, धारा उठल्या, टाळ्या पडल्या. तेवढ्यात माळावरून पश्चिमेचा वारा सुटला. बाकीच्या धारा हौदातच पडत राहिल्या. नव्या पाकळीची धार तेवढी भुजंगरावांच्या फेट्यावर.

पुनमच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जुन्या कारागिरानं पाकळ्या मुद्दामच वारा येतो त्या बाजूला, पश्चिमेकडं कलत्या घडवल्या होत्या, राणी भिजू नये म्हणून. पाया खचून त्या कलल्या असतील, असं समजून तिनं आराखड्यात नवी पाकळी सरळ काढली होती.

हे काम कुणाचं, असं भुजंगरावांनी कडाडून विचारलं. तिच्याआधी आदिनाथ पुढं झाला.

"माझं. छिन्नी चुकली."

महालाच्या जाळीदार खिडक्यांचं पुढचं काम त्याला मिळणार होतं. ते आता दुसऱ्याला देतो, असं भुजंगरावांनी तिथल्या तिथं सुनावलं. आदिनाथ मान खाली घालून उभा राहिला. पुनम गप्प बसली असती, तर तिच्या नावाला धक्का लागला नसता.

"न्हाई," ती म्हणाली. शहरात शिकताना मागं पडलेली बोली आपसूक तोंडात आली. "आराखडा माझा हाय. त्यांनी तसंच घडवलं. काढायचं तर मला काढा."

भुजंगराव ओल्या फेट्यानिशी दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिले. शेवटी, दोघंही चूक आपलीच म्हणताय, तर आधी दोघं मिळून पाकळी नीट करा, खिडक्याही मग तुम्हीच करा, असं म्हणत ते कोरडे कपडे शोधायला गेले.

"कशाला बोललात?" आदिनाथनं विचारलं.

"तुम्ही कशाला बोललात?"

तो हौदाच्या काठावर टेकला. "तुम्हाला कुणी बोललेलं... मला न्हाई सोसत."

पुनमचे डोळे भरून आले. आजवर तिची चूक दाखवणारे खूप भेटले होते. ती आपल्या अंगावर घेणारा हा पहिलाच. किती आभार मानू, असं तिला झालं. शब्द मात्र भलतेच निघाले.

"पाकळी झाली की मुरुडला या. बाबांना भेटायला."

"काय सांगू त्यांना?"

"हेच... आत्ता मला सांगितलं ते."

"हाव," तो हसला. "पण इथून पुढं काही चुकलं, तर दोघांचं चुकलं म्हणायचं."

तिनं मान डोलावली आणि दगडाच्या भुकटीनं पांढरा झालेला त्याचा हात घट्ट धरला.