पान्याची हाक

माझ्या सुनेला एक वाईट खोड आहे. कुणी हाक मारलेली नसताना ओ देते. आत भांडी विसळत असते, घरात कुणी अवाक्षर काढलेलं नसतं, आणि ही मध्येच "ओ, आले!" म्हणत हात पुसत बाहेर येते. दारात उभी राहून इकडंतिकडं बघते. "हाक मारलीत ना, आई?"

मी कशाला मारू? माझे हातपाय अजून शाबूत आहेत. मुलाला वाटतं, बायको काय तत्पर मिळाली! मला वाटायचं, सगळा देखावा. नवऱ्यापुढं मिरवायला.

गाडीच्या ब्रेकचं काम निघालं त्या सकाळपर्यंत मला असंच वाटत होतं.

गाडी ह्यांची. हे मुलाच्या लग्नाआधीच गेले. सुनेनं सासरा पाहिला तो फोटोत. ह्यांनी गाडी कधी परक्याच्या हाती दिली नाही. आणि ब्रेकचं काम असलं की पेडलवर मी. ते एकट्याचं कामच नव्हे. ब्रेकच्या ऑइलमध्ये हवा शिरली की ब्रेक लागत नाही. ती काढायची तर एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाशी बसून निपल नावाचा बारका पोकळ स्क्रू सैल करायचा, म्हणजे ऑइलबरोबर बुडबुडे बाहेर पडतात. निपल आवळल्यावरच पाय उचलायचा. आधी उचलला की हवा परत आत.

हे तोंडानं काही सांगत नसत. पान्यानं मडगार्डवर ठोकत. एकदा म्हणजे दाब, दोनदा म्हणजे सोड. लोकांचे नवरे बायकांना काय काय लाडाच्या हाका मारतात. मला जन्मभरात मिळाली ती ही टकटक. पण होती माझी एकटीची. मुलालाही ठाऊक नव्हती. गाडीचं बॉनेट उघडलं की चिरंजीव घरातून पसार व्हायचे.

तर आता दोघांना तिच्या माहेरी जायचं होतं. रस्ता सगळा उताराचा. पेडल मऊ लागतंय, असं मुलगा दोन दिवस म्हणत होता. शेवटी फोनवर बघून बघून स्वतःच कारागीर झाला. अंगणात गाडी जॅकवर घेतली, पुढची चाकं काढली. आत ब्रेकला ऑइल नेणारे रबरी पाइप असतात, ते वाकवून पाहिले. टाचेला पडाव्यात तशा भेगा. मी म्हटलं पेडल दाबून बघ, तर एक पाइप बेडकाच्या गळ्यासारखा फुगला.

"बदल बाबा दोन्ही," मी म्हटलं. आणि पदर खोचून गाडीचं दार उघडलं.

"तू कशाला, आई? गुडघे दुखतील. हिला बसू दे."

"माझे गुडघे तुझ्याकडं तक्रार घेऊन आले होते का?"

पण ती बसलीसुद्धा होती. माझ्या सीटवर. ब्रेकच्या कामाआधी हे जी सीट माझ्या उंचीला पुढं ओढून देत, ती हिनं खटकन मागं सरकवली. तो आवाज माझ्या काळजात झाला.

उजवीकडचा पाइप बसला. मुलगा "दाब, सोड" करून ओरडत होता, ती करत होती. सगळ्या गल्लीला कळलं असेल आमच्याकडं काय चाललंय ते. मग डावीकडचा. नव्या पाइपावर लांबीनं पांढरी रेघ असते. ती सरळ दिसली पाहिजे. पीळ पडला तर पाइप चाकाला घासून फाटतो. इथं रेघ वेलीसारखी फिरली होती.

"पीळ पडलाय."

"चालतं गं आई. गाडी काय रेघ बघून थांबते?"

मग ह्याला निपलचा छोटा पाना सापडेना. आत्ता तर हातात होता म्हणत मागच्या खोलीत शोधायला गेला. तिथून डब्यांची आदळआपट ऐकू येत होती.

मी गाडीच्या उजव्या अंगाला उभी होते. सून आत बसलेली, नजर समोर. तिनं पेडल दाबलं. धरून ठेवलं. सोडलं. पुन्हा दाबलं.

"काय गं, मुंग्या आल्या का पायाला?"

"नाही आई. ते ठोकतायत ना."

"कोण ठोकतंय?"

"हेच की. एकदा ठोकलं की दाबायचं, दोनदा ठोकलं की सोडायचं." ती हसली. "ओरडण्यापेक्षा बरं आहे, नाही?"

मागच्या खोलीत एक डबा पडला. मुलगा स्वतःशीच काहीतरी पुटपुटला.

ठोकलेलं मात्र मला काहीच ऐकू येत नव्हतं. माझे कान तिखट आहेत. पलीकडच्या घरातली कुजबुज मला कळते.

मी वळसा घालून डाव्या चाकाशी गेले.

तिथं कुणी नव्हतं. निपलला लावलेली नळी बाटलीत सोडलेली होती. तिच्यातून बुडबुडे येत होते. मग कमी झाले. मग नुसतं स्वच्छ ऑइल आलं आणि थांबलं.

पाइपावरची रेघ सरळ होती.

मडगार्डवर छोटा पाना ठेवलेला होता. फडक्यावर, आडवा. हे ठेवत तसा. तिथं सावली होती, तरी पाना हाताला कोमट लागला.

मुलगा रिकाम्या हातानं आला. वाकून बघितलं, निपल चाचपलं. "आवळलेलं आहे. आई, तू केलंस?"

मी माझे हात पुढं केले. कोरडे, स्वच्छ.

त्याचा चेहरा उतरला. पण मला भीती वाटली नाही. माझ्या अंगाची आग झाली. एवढी वर्षं मी ह्या घरात कान लावून बसले. जेवताना, निजताना. ह्यांनी एकदाही ठोकलं नाही. आणि हिच्यासाठी?

"ऊठ," मी तिला म्हटलं.

ती निमूट उतरली, कपडे वाळत घातले होते तिकडं गेली. मी बसले. सीट पुढं ओढली. पाय पेडलवर ठेवला. दगडासारखं घट्ट होतं ते. काम चोख झालं होतं.

मी वाट पाहिली.

"अहो," मी हळूच म्हटलं.

काही नाही.

"अहो, मी आहे."

दोरीवरची चादर हलली. सुनेनं मान वळवली. मुलाकडं नाही, माझ्याकडं नाही. डाव्या चाकाकडं.

"ओ, आले," ती म्हणाली आणि निघाली.

मी गाडीतून कशी उतरले, कळलं नाही. तिला मध्येच गाठलं, मनगट धरलं. ती थांबली. मला काही ऐकू आलं नाही. पण तिचं उजवं पाऊल हळूहळू मातीत दाबलं गेलं आणि तसंच राहिलं. ते उचलायची ती वाट बघत होती.

"हे बघ सूनबाई," मी मोठ्यानं म्हटलं, चाकाशीही ऐकू जाईल असं. "ओ दे. मोठ्या माणसानं बोलावलं तर ओ द्यावीच. पण 'आले' म्हणायचं नाही. तिकडं जायचा नंबर माझा आहे, आणि तो मी तुला देणार नाही."