मांडीवरचं कौल

मी मडक्यांच्या भट्टीत लाकडं सरकवत होते, तेवढ्यात तो कुंपणाशी येऊन उभा राहिला. हातात एक जुनं कौल — तान्ह्या बाळासारखं जपून धरलेलं.

"जरा विचारायचं होतं..."

एलियेझर. जुन्या लिओनच्या उत्खननावरचा. स्पॅनिश लोकांनी वसवलेलं ते सुरुवातीचं गाव मोमोतोंबो ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. त्यातल्या मठाचं छप्पर तो तुकड्या-तुकड्यांनी वर काढत होता.

"म्हणतात, तेव्हा कौलं मांडीवर वळवायचे. खरं असेल?"

"तुम्हाला मांडी आहे ना? बघा वळवून!"

मी थट्टेने म्हणाले. हा मात्र विजार वर गुंडाळून ओट्यावर बसलासुद्धा! आता माघार कशी घेणार? ओली माती थापली, त्याच्या मांडीवर पसरली.

"हलायचं नाही हं."

"किती वेळ?"

"सुकेपर्यंत. ऊन कडक असेल तर — उद्या!"

शेजारणी खिदळत जमल्या. आईने चीज आणि साय घातलेली मक्याची पोळी त्याच्या हातात ठेवली.

"नोएलिया, छळू नकोस गं त्याला."

"छळू द्या की, दोन्या मिर्ना," तो तोंडभर घास घेऊन आईला अदबीने म्हणाला.

उन्हं कलली. शेजारणी पांगल्या. तो मात्र तसाच, पुतळ्यासारखा.

"एक सांगू? रागावणार नाही ना? ...कौलं साच्यावरच करायचे. मला माहीत होतं."

"मग हे सोंग कशाला?"

"रोज तुमच्या दारावरून जातो. बोलायला निमित्तच मिळेना. आणि परवा आमचं काम बंद होतंय. मला ग्रानादाला पाठवतायत."

धुळीने माखलेली त्याची टोपी कुंपणापलीकडून जाताना मीही रोज बघत होते. पण ते मी कशाला सांगू?

"आणि हे आज सांगताय? अख्खा उन्हाळा काय खणत होतात?"

"मेलेल्या माणसांची घरं," तो खाली बघत म्हणाला. "जिवंत माणसांची... भीती वाटते मला."

मला हसू आलं, आणि त्याच वेळी डोळेही भरून आले.

"ग्रानादाहून रविवारी बस असते," मी म्हणाले.

"येऊ?"

"ये."

त्याने झटकन मान वर केली. "'ये' म्हणालात? 'या' नाही?"

"ये म्हटलं ना! की आता तेही खणून काढायचंय?"

तो ताडकन उठला. अर्धवट सुकलेलं कौल घसरून आमच्या पायांशी चपटं झालं — आणि खाली बघायला दोघांनाही सवड नव्हती.