मुर्रूवरचा आळ

गोनारिओ धनगर तंबूंपाशी आला तेव्हा त्याच्या एका हातात बंदूक होती आणि दुसऱ्या हातात कुत्र्याचं दावं. कुत्र्याच्या तोंडाला रक्त लागलेलं होतं.

"मिंतोनियाबाई, लोकांच्या भानगडी शोधता म्हणे तुम्ही?"

"शहरात पैसे घेऊन. डोंगरात फुकट," मिंतोनिया म्हणाली. ती बेटावरच्या न्युओरो शहरातली खासगी गुप्तहेर. दर वसंतात गावच्या काही मंडळींबरोबर ती सुप्रामोंतेच्या पठारावर तंबू ठोकायची. सोबत तिचा दीर एफिझिओ. त्याचं सगळं लक्ष न्याहारीत असायचं. आत्ताही त्याच्या तोंडात सॉसेज होतं.

"या मुर्रूनं माझं करडू फाडलं," गोनारिओ म्हणाला. "कळपाचं रक्त चाखलेल्या कुत्र्यानं दुसरा सूर्य बघायचा नाही, हा आमचा नियम. गेल्या साली शेजाऱ्याच्या कुत्र्याला मीच तो लावला. आता स्वतःच्याला कुठल्या तोंडानं सोडू? पण मन घेत नाही. संध्याकाळपर्यंत तुम्ही बघा. नाहीतर..."

मुर्रूनं जांभई दिली.

"करडं रात्री आयांपाशीच असतात?" मिंतोनियानं विचारलं.

"छे. वेगळ्या खोपटात. नाहीतर सकाळी धारेला काय उरणार? मेलेल्या करडाच्या आईची तर आज कासच रिकामी. दुःखानं आटली बिचारी."

एफिझिओला गहिवरून आलं. मिंतोनियाला आलं नाही.

खोपटामागं करडाचे अवशेष पडले होते. एफिझिओनं नाक दाबून पाहिलं. डोकं, खूर, लांबच लांब आतडी, काळीजसुद्धा. बाकी हाडं चघळलेली. माशा रक्तावर घोंगावत होत्या.

"दूध सांडलेलं दिसतं का कुठे, भावजी?"

"वहिनी, दूध कशाला सांडेल? दुधाचा तांब्या फुटलाय का?"

"तेच म्हणते," ती म्हणाली आणि माघारी फिरली.

मंडळींतली बोनारिया दुर्बीण लावून कड्यावरचे रानमेंढे मोजत होती. विचारायच्या आधीच म्हणाली, "घालू दे गोळी. मेलं माझ्या रानमेंढ्यांना चरू देत नाही. काल एका मादीला दरीपर्यंत पळवलं."

"म्हणजे कुत्रा गेला तर तुम्हाला बरंच."

"बरंच. पण करडू मारून कुत्र्यावर आळ घ्यायला मी काही राजकारणात नाही."

बाइन्जिओ हा मंडळींचा आचारी. मांसाच्या वळकटीला तो सुताच्या दोऱ्यानं आवळत होता. शेजारी दोऱ्याचं भलंमोठं बंडल.

"करडू भाजून खायचं असतं, तर गोनारिओकाकांकडून मागून घेतलं असतं," तो म्हणाला. "मागून मिळत नाही ते फक्त कोठ्याचं चीज. पोट तट्ट भरलेल्या करडाचा कोठा, म्हणजे जठराची पिशवी, दुधासकट बांधून मुरायला टांगलेला. काकांच्या शेळ्यांचं तर असं झणझणीत, की पाद्रीसुद्धा शिवी देईल. मी मागितलं, झोसिमोनं मागितलं. म्हातारा ढिम्म."

गावचा न्हावी झोसिमो आपल्या तंबूपुढे दाढी करत होता. तंबूची एक बाजू वाऱ्यानं फडफडत होती. त्या बाजूचा कोपरा धोंड्याखाली दाबलेला.

"मी मेल्यासारखा झोपलो होतो," झोसिमो म्हणाला.

"या फडफडीत?"

"सवय आहे. आमची बायको घोरते."

दुपारी मिंतोनियानं सगळ्यांना ओकच्या झाडाखाली बोलावलं.

"काका, शेळी दुःखानं एका रात्रीत आटत नाही. तिला कुणीतरी पाजायला लावलं. वेगळं ठेवलेलं करडू आईपाशी सोडून पोटभर पिऊ दिलं, आणि मग कापलं. कुत्रा एवढी सरबराई करत नाही."

"पण कशाला?" एफिझिओनं विचारलं.

"भावजी, तुम्ही सगळं पाहिलंत आणि नसलेलं तेवढं पाहिलं नाहीत. तिथे कोठा नाही. कुत्र्यानं तो फाडला असता, तर दूध मातीत दिसलं असतं. आपल्या बेटावरचा माणूस काळीज टाकेल, पण दुधानं भरलेला कोठा टाकणार नाही. चोरानं तो काढून घेतला, मांस मुर्रूला चारलं आणि आळ त्याच्या तोंडाला फासला."

"मग ही बोनारिया!" बाइन्जिओ म्हणाला.

"तिला फक्त कुत्रा नको होता. तिनं पाजायची तसदी घेतली नसती."

"म्हणजे मी?"

"कोठ्याचं तोंड बांधायला दोरी लागते. तुझ्याकडे बंडलभर आहे. ज्याच्याकडे नव्हती, त्यानं स्वतःच्या तंबूची कापली आणि कोपऱ्यावर धोंडा ठेवला."

झोसिमोचा वस्तरा पिशवीत होता, तरी कापल्यासारखा त्याचा हात गालावर गेला.

"आणि ताजा कोठा पिशवीत कोंडला तर सडतो. त्याला सावली हवी, वारा हवा. भावजी, झोसिमोच्या तंबूमागच्या झाडावर चढा."

एफिझिओ कुरकुरत चढला. पानांआड तंबूच्या दोरीला लोंबत होता दुधानं तट्ट फुगलेला कोठा.

"जत्रेत सगळे काकांच्याच चीजचं नाव घेतात," झोसिमो पुटपुटला. "एकदा मला माझं म्हणून मिरवायचं होतं. कुत्र्याला गोळी घालतील हे... काका, मला माफ करा."

"मला कशाला?" गोनारिओनं बंदुकीतून काडतूस काढलं. "जो मरणार होता, त्याला सांग."

झोसिमो गवतात गुडघे टेकून बसला. टोपी काढली. मुर्रूनं त्याची बोटं सावकाश हुंगली आणि त्याच्याकडे पाठ करून कळपाच्या दिशेनं चालू लागला. दावं सोडायचं सुचलंच नव्हतं, म्हणून गोनारिओही त्याच्यामागून ओढला गेला.

जाताना कुत्रा मिंतोनियाला मान लववून गेला, असं एफिझिओ अजून शपथेवर सांगतो.