म्हसोबाच्या टेकडीचा फोटो

पृथ्वी उंचावरून पाहिली की माणूस नम्र होतो, असं जाणकार सांगतात. पिंपळझरीच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शैलजा बोंडे यांनी पृथ्वी दोनदा तीस किलोमीटरवरून पाहिली आणि दोन्ही वेळा त्यांचं डोकं फिरलं.

पाहिली म्हणजे त्यांच्या फुग्यानं पाहिली. हवामान मोजायला सोडतात तसला मोठा रबरी फुगा, खाली थर्माकोलच्या खोक्यात कॅमेरा, आणि वर हवा विरळ होऊन फुगा फुटला की खोकं अलगद उतरावं म्हणून छत्रीच्या कापडाचं पॅराशूट. हवाई परवानगी रीतसर घेतलेली. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं : 'हा बॉम्ब नाही. सापडल्यास शाळेत कळवावे.'

हा उद्योग करावा लागला तो टेकडीपायी. शाळेच्या मागे म्हसोबाची टेकडी होती. तीन वर्षांत खडी-क्रशरवाल्यांनी तिचे रस्ते केले आणि तिच्या जागी खड्डा उरला. आता सुरुंग शाळेच्या कुंपणापर्यंत आले होते. सातवीच्या वर्गाच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली होती, आणि मुलं भेगेकडे पाठ करून बसत होती. बाईंनी सात अर्ज केले. सातांचं उत्तर एकच : नकाशावर टेकडी शाबूत आहे, सबब उत्खनन नाही, सबब सुरुंग नाहीत.

पूर्वी नकाशासाठी उपग्रह फोटो काढत. मग 'पूरकचित्रण' आलं. ढगाखाली, धुळीखाली जे दिसलं नाही ते यंत्र अंदाजानं भरून काढू लागलं. अंदाज इतके सुबक निघाले की फोटो काढणं हाच फालतू खर्च ठरला. आता चार वर्षांतून एकदा फोटो काढायचा आणि मधल्या काळात पृथ्वी कशी असेल ते यंत्रानं सांगायचं, अशी पद्धत होती.

पहिल्या उड्डाणाचे फोटो बाईंनी शाळेच्या संगणकावर उघडले. काळं आकाश, वाकलेलं क्षितिज, त्याच्या कडेला वातावरणाची निळी साय. आणि खाली, पिंपळझरीच्या मागे, हिरवीगार टेकडी. माथ्यावर म्हसोबाचा दगड, त्याला ताजा शेंदूरसुद्धा.

बाई खिडकीशी गेल्या. बाहेर खड्डा होता. परत येऊन त्यांनी कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका काढली. अठ्ठेचाळिसाव्या पानावर बारीक टाइपात होतं : हा कॅमेरा स्थान ओळखून अधिकृत नकाशाशी विसंगत भाग आपोआप दुरुस्त करतो. म्हणजे नकाशा खोटा म्हणून ज्याला साक्षीला वर पाठवला, तोच नकाशाला विचारून साक्ष देत होता.

त्या तडक रोशनी फोटो स्टुडिओत गेल्या. अन्वरभाईंनी उभी हयात लग्नाचे फोटो काढण्यात घालवली होती. त्यांनी माळ्यावरून रिळाचा कॅमेरा काढला. रीळ आपोआप पुढे सरकायचं. दर अडीच मिनिटांनी बटण दाबणारं घड्याळ बाईंनी जोडलं.

"याच्यात अक्कल नाही बाई," अन्वरभाई काच पुसत म्हणाले. "समोर जे येते, ते छापते. म्हणून तर धंदा बसला आपला."

वरच्या थंडीत बॅटरी गोठू नये म्हणून खोक्यात बाईंचा जुना स्वेटर कोंबला. दुसरं उड्डाण साठ किलोमीटरवरच्या एका संत्र्याच्या बागेत उतरलं. बाई पोचल्या तेव्हा बागवाल्याच्या आईनं खोक्याला हळदकुंकू वाहून पुढे नारळ ठेवला होता. वरून आलेली वस्तू, उगाच कशाला वाकडं घ्या, असं तिचं म्हणणं पडलं. प्रसाद घेतल्याशिवाय तिनं खोकं दिलं नाही.

रीळ धुतलं तेव्हा सातव्या फोटोत खड्डा होता. काठावरची शाळा नखाएवढी दिसत होती.

तालुक्याच्या भू-प्रतिमा कक्षातले गुल्हाने साहेब सज्जन होते. त्यांनी बाईंना बसवलं, चहा मागवला, फोटो निरखला आणि बाईंनी सोबत आणलेल्या खोक्यावर कुंकू का, हे विचारून घेतलं.

"साहेब, टेकडी तुमच्या या खिडकीतून दिसायची," बाई म्हणाल्या. "एकदा उठून बघा, आहे का."

गुल्हाने उठले नाहीत. "खिडकी हा पुरावा होत नाही, मॅडम."

"अन् फोटो?"

फोटोची नोंद करावी लागेल, असं म्हणून त्यांनी आपलं यंत्र त्यावर धरलं. क्षणभर पडद्यावर खड्डा दिसला. मग तो कडेकडेनं भरत आला, टेकडी वर आली, तिच्यावर झाडं उगवली. गुल्हान्यांनी पडदा बाईंकडे वळवला. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं कौतुक होतं.

बाईंचा आवाज चढला नाही. "भेगेकडे पाठ करून बत्तीस पोरं बसतात माझी. भिंत पडली तर त्यांनाही तुम्ही असंच भरून काढाल?"

गुल्हान्यांनी शाळा मोठी करून पाहिली. "मला तर भिंत सरळ दिसते," ते हळूच म्हणाले. चहा निवला होता.

त्या दिवसापासून बाईंनी सातवीचा वर्ग वडाखाली भरवला. वर्गखोली असताना मुलं बाहेर का, म्हणून त्यांना नोटीस आली. नोटिशीनंतर अकराव्या दिवशी सकाळी पावणेबाराला सुरुंग उडाला आणि भिंत पडली. आत कुणी नव्हतं.

पुढल्या महिन्यात कक्षाचं पत्र आलं : वृक्षारोपण मोहिमेत शाळेनं टेकडीवर पाचशे रोपं लावून फोटो पाठवावेत. बाईंनी एकही रोप लावलं नाही. काठावर उभं राहून त्यांनी शाळेच्या, पहिल्या उड्डाणातल्या त्याच कॅमेऱ्यानं रिकाम्या खड्ड्याचा फोटो काढला, न बघता पाठवला, आणि खाली लिहिलं, 'आता तरी बघा.'

आठ दिवसांत प्रमाणपत्र आलं. पाचशेपैकी चारशे ऐंशी रोपं जगली होती.

ते सध्या अन्वरभाईंच्या स्टुडिओत टांगलेलं आहे. शाळेला त्या बाजूला भिंत नाही.