पेन्सिल कोण नेईल?

खंडेनवमी, सकाळी दहा चाळीस. मांडवीजवळच्या घरातून वेराबाईंची वही नाहीशी झाली.

वेरा आंद्रेयेव्ना वीस वर्षं सारातोवला ऑपेरात गायल्या. गळा थकल्यावर शिकवू लागल्या, आणि बोटीवरचे इंजिनियर आत्माराम यांच्याशी लग्न करून रत्नागिरीला आल्या. नवरा गेला, शिकवणं राहिलं. श्वास कुठे घ्यायचा, सूर कुठे सोडायचा, सगळं त्या वहीत. दुपारी चारला त्यांची विद्यार्थिनी आयात हिची रशियातल्या संगीत विद्यालयासाठी ऑनलाइन परीक्षा होती. पियानोवर साथ बाईंची.

खासगी तपास करणारी दर्शना तोडणकर अकराला पोचली. सोबत विनीत. तिची गाडी तो चालवायचा आणि निष्कर्ष तिच्याआधी काढायचा.

"नितेशच," तो पायरीवरच म्हणाला.

पियानो दुरुस्त करणाऱ्या नितेशने दोनदा वहीची झेरॉक्स मागितली होती. बाईंनी नाही म्हटलं होतं. पण तो साडेनवाला गेला, आणि वही बाईंनी दहाला पाहिली होती. लॅपटॉप जागेवर होता. वहीबरोबर गेली होती फक्त बोटभर पेन्सिल.

आयातने सांगितलं, की काल सरावात वही खाली पडली. बाई आधी वहीवर बसल्या, मग ती उचलली. त्यांच्या रंगभूमीची रीतच तशी, नाहीतर प्रयोग पडतो म्हणे. चहा घेऊन आलेली सखू ते पाहून कप दारातच ठेवून गेली.

बावीस वर्षं घर सांभाळणाऱ्या सखूला चोरीचं विचारताच राग आला. शोधायचं काय राहिलं, या प्रश्नावर ती म्हणाली, "देवघर तेवढं राहिलंय. तिकडं चोर कशाला जाईल?"

दर्शनाने सगळ्यांना बसवलं.

"चोर पेन्सिल नेत नाही. विनीत, आज वही नि लेखणी एकत्र कुठे ठेवतात?"

"पूजेत," विनीत म्हणाला.

"आणि ज्या वहीवर कोणी बसलं, तिची पूजा कोणाला करावीशी वाटेल?"

सखूने पदर सावरला. "सरस्वतीवर बसल्या ओ बाई. विद्या रुसली तर पोरीच्या गळ्यावर येईल. उद्या उत्तरपूजा करून देणारच होते. सांगितलं असतं तर यांनी लगेच उचलली असती."

"पण परीक्षा आज आहे, मावशी," दर्शना म्हणाली.

"बाईंना सगळं पाठ आहे ना?"

वेराबाईंनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाल्या, "आता काही पाठ राहत नाही, सखू."

हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

सखू उठली. देवघरात अक्षता वाहून तिने वही हलवली आणि बाईंसमोर धरली. "आधी नमस्कार करा."

वेराबाईंनी वहीला कपाळ टेकवलं. आयात हसली, मग सगळेच हसले.

चारला आयात गायली. निकाल शुक्रवारी यायचा होता. आज सोमवार, अजून आलेला नाही.