लोणीफळाला दोन बादल्या

कुणीतरी मेहमुदाच्या हातातली भरली बादली काढून घेतली आणि सरळ गटारीत ओतली.

ती बघतच राहिली. स्वतःचं परस, स्वतःची बादली, आणि समोर हा कोण कुठला सावळा, उंचच उंच माणूस... कानामागे पेन्सिल, खिशात सुतळी. शेजारच्या बाळासोंच्या आंब्यावर कलमं बांधायला मलकापूरच्या रोपवाटिकेतून आलेला निसार तो. कुंपण ओलांडून कधी आत आला, तिला कळलंसुद्धा नव्हतं.

"पावणं, डोकं ठिकाणावर हाय न्हवं?"

"माझं हाय. रोज किती पाणी घालताय ह्याला?"

"दोन बादल्या." तिने मान ताठ केली. "एक दिवस चुकवल्याला न्हाय."

"मग तुम्हीच मारताय की ह्याला."

झाड लोणीफळाचं, म्हणजे अ‍ॅव्होकाडोचं. तिचे अब्बा, शमशुद्दीन, लष्करात ड्रायव्हर. आठ वर्षांपूर्वी त्यांनी कुर्गहून बी आणून लावली होती. अख्ख्या गडमुडशिंगीत असं दुसरं झाड नव्हतं. दोन वर्षांपूर्वी जाताना ते एवढंच म्हणाले, "झाडाला पाणी घालत जा, बेटा." ती घालत होती. उसाच्या गावची पोर ती. उसाला लावतात तशी बुंध्याला मातीची भरही लावली होती. तरी पानं करपत होती, गळत होती. हे झाड गेलं तर अब्बा पुन्हा एकदा जाणार होते, आणि या वेळी तिच्या हातून. ती तिथेच उभी राहून रडायला लागली.

निसार पार गडबडला. त्याने मुकाट्याने कुदळ घेतली, भर ओढून काढली, पाणी निघून जायला चर खणला. खालची मुळं काळी पडली होती. मग त्याने करवत आणली आणि... अर्धं झाड खाली.

मेहमुदाने पडलेली एक फांदी उचलून छातीशी धरली.

"एवढ्याशा मुळांना एवढा पसारा पोसवत न्हाय," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "आता मातीत बोट खुपसून बघायचं. कोरडी लागली तरच पाणी. तेबी तांब्याभर."

तिसऱ्या दिवशी तो धापा टाकत परत आला, हातात चुन्याचा डबा. बुंधा वरपासून खालपर्यंत पांढराफेक रंगवला. "उन्हानं साल भाजती," म्हणाला. अम्मीने कपाळाला हात लावला. "मैलाचा दगड केलास की रे झाडाचा."

मग तो दर शुक्रवारी येऊ लागला. माती बघायला. एकदा त्याचं बोट आणि तिचं बोट एकाच ढेकळापाशी आलं... दोघांनीही हात झटकन मागे घेतले.

"कामं सोडून हितं येताय, रोपवाटिकेचं साहेब रागवत न्हाईत?"

"रागवत्यात."

"मग?"

"मग... रागवू देत."

सातव्या शुक्रवारी चुना फोडून तांबूस कोंब वर आले, गव्हाच्या दाण्याएवढे. मेहमुदा दोन वर्षांत पहिल्यांदा मोकळी हसली. "आजवर अशी किती लोणीफळं वाचवलीत?"

निसारने कान खाजवला. "एकबी न्हाय. हे झाड मी त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा बघितलं."

ती पालथ्या बादलीवर मटकन बसली. "आणि करवत लावलीत?"

"आंब्याची मुळं कुजली की तसंच करत्यात. तुम्ही रडत होता... मला दुसरं काय सुचंना. मग मात्र भ्यालो. दुसऱ्या दिवशी एस्टीनं बेळगाव गाठलं, तिथल्या एका बंगल्यात हे झाड हाय म्हणून ऐकलं होतं. तिथला माळी म्हणाला, कापलंस ते बरोबर, पण चुना लावलास का? तसाच माघारी पळालो."

"झाड मेलं असतं तर?"

"तर तुम्हाला तोंड दाखवलं नसतं." तो थांबला. "न्हाय, खोटं बोललो. तरीबी आलो असतो. मी झाडासाठी येतच नव्हतो."

मेहमुदा उठली. सात आठवडे कोरडी पडलेली ती बादली तिने हौदात बुडवली, काठोकाठ भरली आणि सरळ त्याच्या डोक्यावर ओतली.

कानामागची पेन्सिल वाहून पायाशी पडली.

"झाडाला रोज चालत न्हाय," ती म्हणाली. "तुम्हाला चालतंय का बघायचं हाय."

"रोज?"

"रोज. पण त्याआधी तुमच्या घरच्यांना अम्मीकडं पाठवा."

दारात उभ्या असलेल्या अम्मीने खांद्यावरचा टॉवेल काढून पुढे केला. ती कधीची तिथे उभी होती, दोघांनाही ठाऊक नव्हतं.