पान वाढलंय

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही नाही.

ही भर दुपारची आहे. उज्जैनच्या माधवनगरमधल्या आमच्या घरातली, मागच्या वर्षीच्या चैत्रातली. यातलं एक अक्षरही बनवलेलं नाही. कुणाला खोटं वाटलं तर मला राग येणार नाही. दुसऱ्या कुणी मला हे सांगितलं असतं, तर मीही हसलेच असते.

मी मृण्मयी. नोकरी बेंगळुरूच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, पण राहायचे उज्जैनला. लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आले ती तिथेच राहिले. आई आधीच गेलेली. मोठा भाऊ विक्रांतदादा पुण्यात. घरात मी आणि वडील, दोघंच. वडिलांचं नाव दत्तात्रय, पण सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. मीसुद्धा.

बँकेतून रिटायर झाल्यावर अण्णांनी स्वयंपाकघराचा चार्ज घेतला होता. हा त्यांचाच शब्द. वरणाला हिंग-जिऱ्याची फोडणी अशी द्यायचे की शेजारच्या अहल्याकाकू खिडकीतून विचारायच्या, "अण्णा, आज काय करून राहिलेत?"

माझी रोजची मीटिंग नेमकी जेवणाच्या वेळेला असायची. सुरुवातीला अण्णा मोठ्यानं हाक मारायचे आणि बेंगळुरूची सगळी टीम हसायची. एकदा मी जरा चिडले. तेव्हापासून त्यांनी हळू बोलायची सवय लावून घेतली. दाराशी यायचे आणि कुजबुजल्यासारखं म्हणायचे...

"मनू, पान वाढलंय. ये गं."

मग जाऊन आपल्या ताटावर बसायचे. ताटाभोवती पाणी फिरवायचे आणि वाट बघायचे. आमच्याकडे एकदा पाणी फिरवलं की जेवण झाल्याशिवाय माणूस उठत नाही. मी कितीही सांगितलं की तुम्ही जेवून घ्या, तरी ऐकायचे नाहीत. "पाणी तर फिरवून झालं माझं. आता तू येशील तेव्हा," असं म्हणायचे. अर्धा-अर्धा तास बसून राहायचे. वरण थंड झालं की माझ्यावर ओरडायचे, पण घास नाही घ्यायचे.

पौषात अण्णा गेले. न्यूमोनिया झाला होता. दवाखान्यात त्यांचा हात माझ्या हातात होता. दिवस झाले, पाहुणे गेले, दादाही पुण्याला वापस गेला. मी राहिले.

दुपारचं जेवण माझं त्याच दिवसांत सुटलं. ठरवून नाही. एकटीचं ताट वाढायला हात उठेना. लॅपटॉपशेजारी बिस्किटांचा पुडा ठेवायचे, तेवढंच.

त्यातच कंपनीची मेल आली. घरून काम बंद, सगळ्यांनी बेंगळुरूच्या ऑफिसात हजर व्हायचं. महिनाभरात घर सोडायचं होतं. दादा म्हणाला, घर भाड्यानं देऊ.

आणि त्याच आठवड्यात पहिल्यांदा ते झालं.

दुपारची मीटिंग चालू होती. मी बोलत होते. मध्येच आमच्या लीड शैलजा मॅडम म्हणाल्या, "मृण्मयी, एक मिनट. कोई अंकल बुला रहे हैं आपको. देख लीजिए."

मी मागे वळून पाहिलं.

दार उघडं होतं. पॅसेज रिकामा.

"मॅडम, घर में कोई नहीं है. सड़क की आवाज़ होगी," मी म्हटलं. बाहेर रस्ता खोदून ठेवला होता, दिवसभर मजूर ओरडायचे. मला स्वतःला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मी हेडफोन काढला. कान देऊन ऐकलं. जेवणाच्या टेबलावरचा पंखा कट-कट करत होता. बाकी काही नाही. मजूरसुद्धा सुट्टीवर होते.

मला वाटलं, कॉलमध्येच काही गडबड असेल. पुण्याहून काम करणारा अनिकेत म्हणून एक मुलगा होता, फेब्रुवारीत जॉइन झालेला. अण्णा गेल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीटिंग संपल्यावर त्याचा फोन आला.

"मृण्मयी, रागावू नकोस हां. पण तुझे बाबा बिचारे कधीचे बोलावतायत. मीटिंग काय रोजचीच आहे. जेवून घेत जा ना."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"म्हणजे? तुला ऐकू नाही आलं?"

"अनिकेत, नक्की काय म्हणाले, तेवढं सांग."

तो हसला. "मनू, पान वाढलंय, ये गं. फार गोड बोलतात. कुजबुजल्यासारखं, म्हणजे तुला त्रास होऊ नये असं."

मी भीतीनं ओरडले असेन, असं तुम्हाला वाटेल. नाही. मी रडले. ज्यांनी अण्णांना कधी पाहिलं नाही, त्यांना अण्णा ऐकू येत होते. आणि मला नाही! मला इतका हेवा वाटला त्या लोकांचा की काय सांगू.

मग मी नाही नाही ते करून पाहिलं. आपलाच माइक आपल्याला कॉलमध्ये ऐकू येत नाही. म्हणून मोबाईलवरून त्याच कॉलमध्ये शिरले, इअरफोन लावून दुसऱ्या खोलीत बसले. अनिकेत म्हणाला, "आत्ता बोलले." मला फक्त पंख्याची कट-कट ऐकू आली. रेकॉर्डिंग केलं. त्यातही तेच. पंखा... आणि माझा श्वास.

अनिकेतला मी खरं सांगून टाकलं. अण्णा कधी गेले, ते त्यानं विचारलं. नंतर म्हणाला, "मी कॉल बंद करू का?"

"नको," मी म्हटलं. "तू ऐक. ऐकून मला सांग."

आणि तो खरंच सांगायचा. कुणी सख्ख्या बहिणीसाठीही केलं नसतं, इतकं त्यानं केलं. "आत्ता हाक मारली." "आत्ता खुर्ची सरकली." "आता शांत आहेत." मी डोळे मिटून त्याच्या आवाजात अण्णांना शोधत बसायचे.

एक दिवस अहल्याकाकू भाजी द्यायला आल्या. माझ्याकडे बघतच राहिल्या.

"मनू, एकदम सुकून गेलीस गं. दुपारी जेवतेस ना तू?"

मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणतील पोरगी पागल झाली. पण त्या खाली बसल्या. पदरानं डोळे पुसले.

"तुझ्याशिवाय ते कधी जेवले होते का? पाणी फिरवून बसले असतील. तू आली नाहीस म्हणून उठता येत नाही त्यांना. पौषापासून उपाशी बसलाय गं तो माणूस!"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी माझ्या दुःखात होते. ते भुकेले असतील, हे मला सुचलंच नाही.

"दोन पानं वाढ," काकू म्हणाल्या. "शेजारी बस आणि पोटभर जेव. मग जातील ते शांतीनं."

जातील.

मी फक्त तो एकच शब्द ऐकला.

उज्जैनमधल्या शेवटच्या दिवशी मी स्वयंपाक केला. वरण-भात, बटाट्याची भाजी, वर तूप. अण्णांच्या जागेवर ताट वाढलं, पाणी फिरवलं. समोर माझं ताट. मध्ये लॅपटॉप, त्यावर अनिकेत.

पंखा कट-कट करत होता.

"बोलले," अनिकेत हळूच म्हणाला. "तुझं नाव घेतलं."

मी घास कालवला. उचलला.

तोंडापर्यंत नेला... आणि खाली ठेवला.

नाही जमलं मला. मी जेवले असते तर ते जेवले असते आणि निघून गेले असते. मला ऐकू येत नव्हते, तरी कुणाला तरी येत होते ना? तेवढं मला हवं होतं. मी ताट तसंच उचललं आणि वरण-भात गायीला घातला.

"मृण्मयी," अनिकेत म्हणाला, "ते अजून बोलावतायत."

मी लॅपटॉप बंद केला. संध्याकाळी नानाखेडा बसस्टँडवरून इंदूरची बस धरली, पुढे बेंगळुरूचं विमान.

मला वाटलं होतं, अण्णा माझ्याबरोबर येतील. माझ्याच माइकमधून यायचे ना? पण बेंगळुरूच्या पहिल्या मीटिंगनंतर मी अजून पुण्यातच असलेल्या अनिकेतला विचारलं, तर तो म्हणाला, "काही नाही गं. एकदम क्लिअर." दुसऱ्या दिवशीही तेच. मी त्यांना मागे टाकून आले होते. रिकाम्या घरात, वाढलेल्या पानावर.

मे महिन्यात दादा उज्जैनला गेला. भाडेकरूला किल्ली द्यायची होती. दुपारी त्यानं व्हिडिओ कॉल केला. मी ऑफिसच्या कँटीनमध्ये होते. समोर दहीभाताचा डबा, न उघडलेला.

"हे बघ, सामान सगळं बांधून झालं," दादा मोबाईल फिरवत सांगत होता. "गॅस दिला परत. लाइटसुद्धा कापली, भाडेकरू आपल्या नावानं घेणार आहे. फक्त हे टेबल-खुर्च्या राहिल्यात, यांचं काय..."

मला त्याच्या मागून काहीतरी ऐकू आलं.

कट... कट... कट...

"दादा, गप्प बस जरा."

"का? काय झालं?"

"गप्प बस!"

तो थांबला. आणि मग... अगदी हळू... दाराशी यायचे तेव्हासारखं कुजबुजत...

"मनू, पान वाढलंय. ये गं."

अण्णा. माझे अण्णा. तोच आवाज, तोच हेल. अजूनही हळूच बोलत होते. त्यांना वाटत होतं, मी मीटिंगमध्ये आहे.

तेव्हा मला कळलं. जो दूर असतो त्यालाच ते ऐकू येतात. मी घरात होते तोवर मला ऐकू येणार नव्हतेच. दादालाही काही ऐकू आलं नव्हतं. तो नुसता माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी एक शब्दही न बोलता कॉल चालू ठेवू शकले असते. रोज दुपारी भाडेकरूला फोन लावायला काहीतरी निमित्त काढलं असतं. खरं सांगते, हा विचार माझ्या मनात आला.

पण मग त्यांनी पुन्हा हाक मारली. आणि या वेळी आवाज थकलेला वाटला.

"दादा," मी म्हटलं, "तुझ्याकडे खायला काय आहे?"

"कचोरी आणलीये. पण का?"

"अण्णांच्या जागेवर ठेव. कागदावर ठेव, चालेल. बाटलीतलं पाणी घे आणि भोवती फिरव. मला काही विचारू नकोस, तुला माझी शपथ आहे."

दादानं विचारलं नाही. मोबाईल टेबलावर टेकवून ठेवला. मला कचोरीचा कागद दिसत होता, मागे रिकामी भिंत. त्यानं पाणी फिरवलं.

मी माझा डबा उघडला. डब्याभोवती पाणी फिरवलं. शेजारच्या टेबलावरची मुलं बघत होती, बघू देत. "अण्णा, मी आले," मी मोठ्यानं म्हटलं, मराठीत, भर कँटीनमध्ये. आणि पहिला घास घेतला.

घास गिळवत नव्हता. तरी गिळला. दुसरा घेतला.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मग ते बोलले. रोज पहिल्या घासाला म्हणायचे तेच...

"सावकाश होऊ दे, मनू."

मी सगळा डबा संपवला. रडत रडत, शितन् शीत. पंख्याची कट-कट कधी थांबली ते मला कळलंच नाही.

दादा खुर्चीत बसून ढसाढसा रडत होता. "मला काही ऐकू आलं नाही गं," तो म्हणाला, "पण मनू, घरात गॅस नाहीये... आणि हिंग-जिऱ्याच्या फोडणीचा वास येऊन राहिलाय."

"आणि पंखा?" मी विचारलं.

"पंखा कुठला? तो तर मी सकाळीच काढून बांधला."

याचा अर्थ काय लावायचा, मला माहीत नाही. अहल्याकाकू म्हणतात, अण्णा सुटले. सुटले असतील. मी आता दुपारी जेवते, वेळेवर जेवते. डबा उघडला की आधी भोवती पाणी फिरवते.

आणि एक सवय लागली आहे, ती जात नाही. मीटिंग सुरू झाली की मी आधी सगळ्यांना विचारते, "माझ्या मागून कुणाचा आवाज तर येत नाही ना?"

नव्या टीमला वाटतं, मी फार काळजी घेते. सगळे एका सुरात सांगतात, नाही, बिलकुल नाही, एकदम शांत आहे.

अनिकेतही याच टीममध्ये आहे. तो तेवढा काही बोलत नाही. त्याला माहीत आहे, मला कुठलं उत्तर हवं असतं.